वहिनी, टाकी भरू का?

वहिनी, तुमचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मी शेडचं शटर वर केलं. आत पाऊल टाकण्याआधी वास घेतला. सवय जात नाही. चाकणला आपल्याकडे गुरुवारची सुट्टी. एक दिवस मशीन बंद राहिलं की कूलंटचं, म्हणजे कापताना धातू गार ठेवणारं, ते दुधाळ पाणी टाकीत नासायचं आणि शुक्रवारी शटर उघडताच असा भपकारा यायचा की माणूस मागे सरकावा. तुम्ही ओढणी नाकाला लावून म्हणायचात, "भावजी, आत कोण मेलंय ते आधी बघून या." दर शुक्रवारी तोच विनोद, आणि दर शुक्रवारी त्यावर सगळ्यांत आधी हसणाऱ्या तुम्हीच. यावेळी आत कसलाच वास नव्हता. लहान मशीनची टाकी शेड बंद करतानाच उपसली होती आणि मोठ्या मशीनची टाकी गेल्या वर्षापासून कोरडी आहे, ती मीच कोरडी केली, तरीही मी दारात उभा राहून वास घेत होतो.

तुमच्याशी बोलायला बसलोय त्याला कारण आहे. पाटणकर साहेबांचा फोन आला होता. आपण कापतो ती इंजिनाची रिंग ज्यांच्याकडे जाते, तेच साहेब. माणूस वाईट नाही. आधी तुमच्याबद्दल बोलले, दादाची चौकशी केली, मग हळूच म्हणाले, "आता त्या मशीनची टाकी भरून टाका. तेलाच्या फवाऱ्यावर चालवणं तुमच्या वहिनींना जमत होतं. नवीन माणसाला जमेल का? पाण्यावर कुणीही चालवील." विचार करून सांगतो म्हणालो. उत्तर द्यायचं होतं आणि तुम्हाला विचारल्याशिवाय ते देता येत नव्हतं. आजवर कुठलीही गोष्ट तुमच्याशी वाद घातल्याशिवाय ठरवलेली नाही.

तुम्ही मशीनवर आलात तेच मुळात भांडून. दादा कंपनीत, त्याला शिफ्ट. मी एकटा शेड सांभाळत होतो आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर आपला ऑपरेटर गावी गेला तो परत आलाच नाही. तुम्ही थेरगावहून डबा घेऊन आला होतात. मी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनकडे पळतोय, कापायचा जॉब लावतोय, काढतोय, हे बघत तुम्ही डबा हातात धरून उभ्या राहिलात. मग म्हणालात, "दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं, थांबल्यावर काढायचं. एवढंच करायलाव ना तुम्ही? मग एवढा घाम कशाला?" मी चिडलो. एवढं सोपं असेल तर करून दाखवा म्हणालो. तुम्ही ओढणी खोचलीत आणि केलंत. त्या दिवशी डबा तसाच राहिला, संध्याकाळी गार भाजी आपण दोघांनी मशीनशेजारी उभ्यानंच खाल्ली. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याआधी तयार होऊन गाडीपाशी थांबला होतात.

मला सुरुवातीला वाटलं, हौस आहे, महिनाभरात फिटेल. तुमचं माहेर धाराशिवकडचं, घरात कुणी स्क्रू फिरवलेला नाही. पण तुम्हाला मशीनचा लळा लागला. मोशीच्या गर्दीत गाडी अडकली की तुम्ही मागे बसून कालच्या जॉबचं बोलायचात. अमुक रिंगवर ओरखडा का आला, तमुक वेळी आवाज का बदलला. लोक गाडीवर बसून सासू-सुनांच्या गोष्टी करतात, आपण ओरखड्यांच्या करायचो. मला ते आवडायचं. माझ्या कामाबद्दल घरात कुणी विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग तुमचे हात गेले.

आधी बोटांच्या पेरांना खाज, मग लाल चट्टे, मग सालं. कूलंटमध्ये दिवसभर हात घालायचे म्हणजे कुणाकुणाला होतंच ते, मी पाहिलेलं होतं. तुमचं मात्र थांबेना. फिरत्या मशीनजवळ हातमोजे चालत नाहीत, ओढले गेले तर हातच जायचा. तुम्ही घरी खोबरेल चोळून हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून झोपायचात. सकाळी पीठ मळायला बसलात की मिठानं डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी भाकरीचं पीठ दादा मळायला लागला. कंपनीत अख्ख्या लाइनवर वचक असलेला माझा भाऊ, घरी परातीपुढे फतकल मारून बसायचा आणि दर वेळी पाणी जास्त घालायचा. तुम्ही म्हणायचात, "ही भाकर नाही, हे लापशीला निघालेलं पीठ आहे." तो गप्प बसून अजून पीठ घालायचा. परातीतलं पीठ वाढत जायचं आणि आपण सगळे दोन-दोन भाकरी जास्त खायचो.

डांगे चौकातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे मीच तुम्हाला घेऊन गेलो होतो. त्यांनी मलम लिहून दिलं आणि सरळ सांगितलं, "बाई, एक तर ते पाणी सोडा, नाही तर ते काम सोडा." परत येताना तुम्ही हात ओढणीत गुंडाळून मागे बसला होतात. घराच्या खाली उतरल्यावर म्हणालात, "रंजनाला शिकवते मी सगळं. ती हुशार आहे." आपल्याकडे नव्यानं लागलेल्या मुलीला तुमची जागा द्यायची, हे तुम्ही वाटेत ठरवूनही टाकलं होतं. मी हं म्हणालो. पण तुमचा चेहरा मला बघवला नव्हता.

पाण्याशिवाय कापण्याचं मी तेव्हा मनावर घेतलं. कल्पना माझी नव्हे, मशीनच्या प्रदर्शनात बघितलं होतं. कूलंटचा धबधबा बंद करायचा, त्याऐवजी हवेच्या जोरावर तेलाचा अगदी बारीक फवारा नेमका धारेवर मारायचा. तेल तरी किती, तासाभराला चहाचा कपही भरणार नाही एवढं. साध्या पोलादाला हे चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. आपलं काम मात्र निकेलच्या मालाचं. इंजिनातला जळता धूर जिथून जातो तिथं बसणारी रिंग. तो धातू उष्णतेला दाद देत नाही म्हणून तर तिथं वापरतात, आणि कापताना तोच हट्ट आपल्यावर उलटतो. उष्णता धातूत पसरत नाही, सगळी येऊन कापणाऱ्या धारेवर बसते. ती धार म्हणजे नखाएवढं इन्सर्ट, त्यावर काळपट जांभळं कोटिंग. कोटिंग ताप सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी मला वेड्यात काढलं. "राव, निकेल आणि कोरडं? पैसे जास्त झालेत का?" मी सगळ्यांना सांगायचो, टूल, म्हणजे ती धार, जास्त टिकतं, कूलंटची विल्हेवाट लावायची कटकट वाचते, मोठ्या कंपन्या आता हेच मागतात. पाटणकर साहेबांना तेच सांगितलं. दादालाही तेच.

तुम्हालाही तेच. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुमची हौस. माझ्या डोक्याला ताप नको."

पहिल्या दिवशी शेडभर तळणीचा वास सुटला. ते वनस्पतीचं तेल, गरम धारेवर पडलं की पापड तळल्यासारखा वास यायचा. शेजारच्या शेडमधले वाकून विचारायला लागले, आज काय बेत आहे. तुम्ही त्यांना "भजी, पण निकेलची" असं सांगून वाटेला लावायचात. मजा वाटत होती. पण इन्सर्ट टिकेनात. कधी व्यवस्थित चालायचं, कधी मधेच धार फुटायची. मी फवाऱ्याचा दाब बदलला, तेल बदललं, कोटिंग बदलून बघितलं. शेवटी इन्सर्ट देणाऱ्या माणसावर घसरलो, तुमचा मालच बोगस आहे म्हणालो. तो बिचारा भिंग घेऊन आला. फुटलेलं इन्सर्ट बघून म्हणाला, "यावर कंगव्याच्या दातांसारख्या चिरा आहेत. तापलेल्या टूलवर मधेच गार पाणी पडलं की अशा चिरा जातात. तुमच्याकडे पाणी कुठून येतंय?" मी शप्पथ घेऊन सांगितलं, या मशीनला पाण्याचा थेंब नाही.

तो गेला आणि मी दुसऱ्या मशीनच्या आडून बघत उभा राहिलो. रिंग झाली. तुम्ही दार उघडलंत, रिंग काढलीत, आणि ड्रॉवरमागून भेळवाल्याकडे चटणीला असते तशी दाबायची बाटली काढलीत. इकडे तिकडे बघून इन्सर्टवर पाण्याची एक पिचकारी मारलीत. चर्रर्र आवाज झाला. तुम्ही बाटली परत जागेवर ठेवलीत, समाधानानं दार लावलंत आणि हिरवं बटण दाबलंत.

मी इतका ओरडलो की रंजना हातातला जॉब टाकून आली. तुम्ही मात्र जागच्या हलला नाहीत. म्हणालात, "ओरडायला काय झालं? एवढं तापायलंय बिचारं. कापून निघणाऱ्या चिप्स बघा, विस्तवासारख्या लाल पडायल्यात. त्याला जीव नसला म्हणून काय झालं? मला तर जीव आहे. मला बघवत नाही." मी म्हणालो, "वहिनी, तापू द्या त्याला. एकसारखं तापलं तर ते सोसतं. मधेच गार केलं की फुटतं." त्यावर तुम्ही जे बोललात ते मी अजून विसरलो नाही. "म्हणजे सारखं सोसायचं, मधेच कुणी माया करायची नाही. हा तुमचा न्याय व्हय?" मला हसू आलं. तुमचे हात तेव्हा मनगटापर्यंत सोलवटलेले होते, आणि दया तुम्हाला इन्सर्टची आली होती.

ती बाटली तुम्ही स्वतः मोरीत रिकामी केलीत. त्यानंतर मात्र तुम्ही त्या फवाऱ्याच्या मागे अशा लागलात की मला माघार घ्यायला लावलीत. मी नळी वरून रोखली होती, चिपच्या, म्हणजे कापलेला धातू बाहेर पडतो त्या बाजूनं. लांब निळ्या चिप्स तिला गुंडाळायच्या आणि नळीचं तोंड हलायचं. हे तुम्हाला दिसलं. नळी खालून घ्यावी, धारेच्या पाठीमागून, हे मला सुचलं. वेग थोडा उतरवायचा यावर आपण आठवडाभर भांडलो आणि शेवटी दोघांच्या आकड्यांच्या मधला वेग ठरवला. तेव्हा कुठं एका धारेवर पाण्याच्या वेळी निघायच्या तेवढ्या रिंगा निघाल्या. जास्त नाही. टूल जास्त टिकतं हे मी सगळ्यांना सांगत राहिलो खरं, पण ते पूर्वीइतकंच टिकत होतं. पाटणकर साहेबांनी रिंगा तपासून पास केल्या आणि तुम्ही शेडमध्ये सगळ्यांना पेढे वाटलेत. रंजनाला तुमची जागा देण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

नंतर एका सकाळी मी चहाला आत आलो तर परात तुमच्यापुढे होती. दादा बाजूला बसला होता, हात पुसत, जरा हिरमुसलेलाच. तुम्ही पीठ मळत होतात. बोटं वाकत होती, चट्टे जाऊन नवी, गुलाबी कातडी आलेली होती. मी बघितलं आणि चहा घेऊन बाहेर गेलो. काय बोलणार होतो? हे सगळं तुमच्या हातांसाठी केलं, असं दिरानं वहिनीला कुठल्या तोंडानं सांगायचं? आपल्या घरात अशी भाषाच नाही. आपण एकमेकांना फार तर जास्तीची भाकरी वाढतो.

भांडणं थांबली असं नाही. हात बरे झाल्यावर तुम्ही नाकाचं काढलंत. "हात वाचले, पण हा धूर कुठं चाललाय? आमच्या नाकात." मी मशीनवर धूर ओढणारा पंखा बसवला आणि पाइप छताबाहेर काढला. त्यात तुम्ही शंभर टक्के बरोबर होतात. मोजमापावरून भांडण वेगळंच. कोरडी कापलेली रिंग गरम निघते आणि गरम असताना ती फुगलेली असते. घाईनं मोजली तर माप चुकतं. म्हणून तुम्ही खिडकीपाशी फळी टाकून रिंगा गार व्हायला मांडायचात आणि कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. तुमचं म्हणणं होतं, निदान शेवटच्या बारीक कापाला तरी पाणी द्या, रिंग गार निघेल. मी म्हणायचो, एकदा पाणी आलं की ते सगळीकडे येतं. हा वाद आपण तुमच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातसुद्धा घातला. तुमच्या हाताला सलाईन होतं. नर्सनं मला बाहेर काढलं, तर तुम्ही मागून म्हणालात, "बरी होऊन येते, मग दाखवते तुम्हाला." तुमचं खरं असेलही. आता ते कुणी दाखवायचं?

दादाचं सांगतो. काल संध्याकाळी परात घेऊन बसला. आम्हाला कुणालाच जेवायचं नव्हतं, तरी मळत बसला होता. पाणी जास्त झालं. टोकणारं कुणी नव्हतं. तो थोडा वेळ थांबून राहिला आणि मग त्यानं आपलं आपणच पीठ घातलं. मी तिथून उठलो नाही. त्यानं थापलेल्या जाड भाकरी आम्ही दोघांनी खाल्ल्या.

इकडे शेड चालू झाल्यावर पहिल्याच खेपेच्या रिंगांचं माप चुकलं. रंजनानं घाईत गरम रिंगा मोजल्या आणि त्यावरून सेटिंग बदलत गेली. ती रडायला लागली. मी तिला रागावलो नाही, दोन मशीनं एकटीनं ओढतेय पोरगी. पण ते पाटणकर साहेबांच्या कानावर गेलं आणि टाकी भरायचा विषय तिथून निघाला. खरं सांगू, मी भरणार होतो. कूलंटचा कॅन आणून दारात ठेवलाही होता. काम हातचं गेलं तर कुणासाठी काय वाचवणार?

त्याच सकाळी एक बाई काम मागायला आल्या. महाळुंग्याच्या एका शेडमध्ये मशीनवर होत्या, ते काम सुटलं. बाईमाणसाला कामावर ठेवायचं काम कायम तुमचं. मला काय विचारावं कळेना. मी आपला कुठं राहता, किती वर्षं काम केलं असलं काहीतरी विचारत होतो. तेवढ्यात रंजना मशीन थांबवून आली आणि त्यांना म्हणाली, "ताई, हात दाखवा."

बाईंनी हात मागे घेतले. मग हळूहळू पुढे केले. पेरांना चिरा, नखांच्या कडेनं सालं. काम का सुटलं ते विचारायची गरज उरली नाही. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "कामाला काय अडचण नाय येत. आसंच आसतंय हे, मलम लावते मी."

रंजना म्हणाली, "इथं लावावं लागणार नाही. आमच्या वहिनी नव्या बाईचे आधी हात बघायच्या आणि एकच सांगायच्या, 'हे मशीन आमच्या भावजींनी माझ्या हातांसाठी कोरडं केलंय. कुणाला बोलून दाखवत नाहीत ते, टूलचं कायबाय सांगतात. तुम्ही पण त्यांच्यापुढं बोलू नका, त्यांना लाज वाटते.'"

मी तिथंच उभा होतो, वहिनी. रंजनाला बहुतेक वाटलं असावं की तुम्ही गेल्यावर ती अट उरली नाही. मी पंख्याचं बटण बघत असल्यासारखं केलं. डोळे भरून आले तर पंख्याच्या वाऱ्यावर ढकलता येतं.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मी सगळ्यांना टूलच्या गोष्टी सांगत फिरत होतो तेव्हा तुम्ही मला फिरू दिलंत. पेढे वाटलेत, पंख्यासाठी भांडलात, माझ्यासमोर अवाक्षर काढलं नाहीत, आणि पाठीमागे दर नव्या बाईला सांगत राहिलात. भारी आहात तुम्ही.

बाईंना मी उद्यापासून यायला सांगितलं आणि बाहेर येऊन पाटणकर साहेबांना फोन लावला. म्हणालो, "साहेब, टाकी भरणार नाही. चुकलेल्या रिंगा बदलून देतो. नवीन बाई ठेवल्यात, त्यांना मी स्वतः उभा राहून शिकवतो."

ते म्हणाले, "अहो, पण एवढा हट्ट कशाला? टूल थोडं जास्त टिकतं म्हणून?"

"टूल जास्त टिकत नाही साहेब. ते मी उगाच सांगत होतो. आमच्या वहिनींच्या हातांची सालं निघायची, त्यांना भाकरी थापता यायची नाही. म्हणून केलं होतं."